जिभेचा रोजा

"पोट तर बंद झालं. बाकीचं?"

असं म्हणून चाचा दोन बोटं आधी जिभेकडे, मग डोळ्यांकडे, मग कानांकडे न्यायचे आणि समोरच्या माणसाकडे असं बघायचे, की जणू तो ओतकामातून बाद होऊन आलेला बिडाचा तुकडा आहे. रमजानात आमच्या कारखान्यात ज्यानं ज्यानं आपण रोजा धरल्याचं त्यांना सांगितलं, त्या प्रत्येकाला हे ऐकावं लागलं. न विचारता सांगायला येणाऱ्यांची चाचांना अजिबात दया येत नसे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. खरी असतात, पण त्यांच्याजवळ बसणं अवघड जातं.

मी बंगलोरच्या त्या सरकारी कारखान्यात तपासनीस म्हणून लागलो, तेव्हा पन्नासचं दशक संपत आलं होतं. चाचा निपाणीकडचे. राहायला शिवाजीनगरात, पण मराठी बोलायचे म्हणून मी त्यांच्याकडे ओढला गेलो. त्यांचं काम यंत्रांचे पाट हातानं खरडून सपाट करण्याचं. एक लांब, अगदी सरळ अशी बिडाची पट्टी असे, विलायतेहून आलेली. तिला निळा रंग लावून पाटावर फिरवायची. पाट जिथं उंच असेल तिथं निळं लागतं. तेवढंच खरडायचं, पुन्हा पट्टी फिरवायची. एका पाटाला आठ-आठ दिवस लागत. ते काम सुरू असताना चाचांशी बोलायची फोरमनचीही हिंमत नव्हती.

एकदा एकादशीला मी त्यांच्या शेजारी डबा उघडला.

"हे काय?"

"उपास आहे, चाचा. साबुदाण्याची खिचडी."

त्यांनी वाकून पाहिलं. शेंगदाणे, बटाटा, वर ओलं खोबरं, बाजूला रताळ्याचा कीस.

"रोज काय आणतोस?"

"पोळीभाजी."

"मग उपास रोज धर की लेका. अंगाला लागेल."

मला राग आला होता. आज वाटतं, तो माझा त्यांनी केलेला सर्वांत सौम्य अपमान होता.

आपल्या माणसांनाही ते सोडत नसत. आमच्या खात्यात एक वेल्डर होता. रमजान सुरू झाला की दुपारपासून डोकं धरून बसायचा, हलक्या कामासाठी हुज्जत घालायचा, मदतनिसाला आईवरून शिव्या द्यायचा आणि वर "रोजा आहे, डोकं फिरतं" म्हणायचा. चाचा म्हणाले, "हा रोजेदार नाही, नुसता उपाशी आहे. उपाशी तर शिवाजीनगरच्या बसस्टँडवरचं कुत्रंही असतं. त्याला कोण ईद मुबारक म्हणतं?"

"मग रोजा म्हणजे काय?" मी विचारलं.

ते पट्टीला निळं लावत होते. मान वर न करता म्हणाले, "नळावर तोंड धुताना घोटभर पाणी गिळलंस तर कोण धरणार तुला? कुणी नाही. रोजा तिथं आहे. वरच्याला ठाऊक आणि तुला ठाऊक." मग पट्टी फिरवून निळ्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. "भूक म्हणजे हे निळं. आपण कुठं उंच झालोय ते दाखवतं, बस. खरडायचं राहतंच की. दिवसभर उपाशी राहून एकाची चहाडी केलीस, तर वरचा काय तुझी भूक घेऊन लोणचं घालणार?"

मी हसलो. फार आवडलं मला ते वाक्य. घरी पत्रात लिहूनही कळवलं. चांगली वाक्यं गोळा करायची मला भारी हौस. ती पाळायची वेळ आली, की माझं काय होतं ते आता सांगतो.

त्याच रमजानात एका दुपारी चाचा नमाजाला गेले होते. मी एक तयार पाट तपासायला घेतला आणि ती विलायती पट्टी एकट्यानं उचलली. दोघांनी उचलायची, असा नियम होता. पण मी पदवीधर होतो. पट्टी निसटली, टोक चौथऱ्यावर आपटलं. खात्यात कुणी नव्हतं. धारेवर नखाएवढा टवका. मी ती पुसली, लाकडी पेटीत ठेवली, झाकण लावलं आणि कँटीनमध्ये जाऊन कॉफी प्यायलो. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. लग्न ठरलं होतं. ही कारणं मी इतक्या वर्षांत इतक्यांदा घोळवलीत, की आता त्यांना वास येतो.

दुसऱ्या दिवशी चाचांनी पट्टी फिरवली आणि निळ्यात एक पांढरी चीर उठली. त्यांनी स्वतः जाऊन फोरमनला सांगितलं. फोरमननं मला बोलावून विचारलं, "काल काही पाहिलंत?"

नाही म्हणालो असतो तरी चाललं असतं. तेवढं खोटं पुरलं असतं. पण मी चेहऱ्यावर कळवळा आणून म्हणालो, "दुपारी चाचांचे हात जरा थरथरत होते, सर. दिवसभर पाणीसुद्धा नाही, वयही झालंय. त्यांना दोष नका देऊ."

माणूस किती नीच होऊ शकतो याचा मला नंतरच्या आयुष्यात पुष्कळ अनुभव आला. पण इतकं गुळगुळीत काम कुणाचं पाहिलं नाही.

फोरमननं चाचांना बोलावून सर्वांसमोर सांगितलं, "रमजान संपेपर्यंत तुम्ही भंगाराच्या आवारात बसा. ओतकाम निवडा. नंतर बघू." चाचा पेटीकडे गेले, झाकण उघडून आत पाहिलं. पट्टी ते नेहमी धार वर करून ठेवत. त्या सकाळी मात्र ती त्यांना धार खाली करून ठेवलेली मिळाली होती, आणि ती कशी ठेवायची हे ठाऊक नसलेला खात्यात एकच माणूस होता, मी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. निमिषभरच. मग खरडणी कापडात गुंडाळली आणि निघून गेले.

चार दिवसांनी मी खजुराचा पुडा घेऊन शिवाजीनगरात त्यांच्या घरी गेलो. कबूल करायला गेलो होतो असं म्हणायला मला आवडेल. खरं तर त्यांना कितपत कळलंय, ते बघायला गेलो होतो. सूर्य मावळत होता. मुलं, सुना, शेजारी चटईवर ओळीनं बसलेले. चाचांनी खुणेनं शेजारी बसवलं. बांग झाली. त्यांनी माझ्या पुड्याला हात लावला नाही. ताटातला आपला खजूर तोंडात घातला, पाणी प्यायले. मग ओठ पुसून माझ्याकडे वळले.

मी हळूच म्हणालो, "चाचा, तुम्ही फोरमनला काहीच का नाही सांगितलं?"

"तुझ्यासाठी गप्प बसलो वाटलं काय?" आवाज अगदी शांत होता. "तुझी काय किंमत रे? जपून जपून धरलेला रोजा तुझ्या नावानं उष्टा करू?"

माझ्या कानशिलांत ऊन चढलं. तरी मी म्हणालो, "आता सुटला ना रोजा."

"पोटाचा सुटला. जिभेचा ईदेपर्यंत आहे."

"आणि ईदेनंतर?"

"ईदेनंतर तू सांगायचं. मी नाही. माझे हात रोजानं थरथरले म्हणतात सगळे. माझं जाऊ दे. रोजाचं नाव खराब केलंस, ते तूच धुवायचं." मग सुनेला हाक मारली, "पावण्याला शरबत दे गं. लांबून आलेत."

ते शरबत मी प्यालो. तेही मला जमलं.

ईद झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा धुतलेला सदरा घालून, खरडणी काखेत घेऊन फोरमनच्या दाराशी उभे राहिले. मी आत फोरमनसमोरच बसलो होतो. त्यांनी फोरमनकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. थांबले. मी समोरच्या आराखड्यावर पेन्सिलीनं एक माप तपासलं, मग तेच पुन्हा तपासलं. फोरमन म्हणाले, "अजून थोडे दिवस तिथंच राहा. तब्येत सांभाळा."

चाचा कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हणाले आणि गेले.

ते थोडे दिवस म्हणजे सहा वर्षं. निवृत्त होईपर्यंत ते भंगाराच्या आवारातच होते. माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत. मी कायम झालो, चढत गेलो, त्या खात्याचा प्रमुख झालो. दर रमजानात कुणी रोजेदार कामात चुकला, की लोक "त्या चाचासारखं" म्हणून हसायचे. मी त्या हसण्यात नसायचो. माझी तेवढीच काय ती नीतिमत्ता.

ते निवृत्त झाल्यावर महिन्याभरानं भंगार वितळवायला नेणारी लॉरी आली. यादीवर माझी सही लागे, म्हणून मी आवारात गेलो. चाचा बसायचे त्या शेडमध्ये पोत्याखाली बिडाचा एक हातभर ठोकळा होता, ओतकामात बाद झालेला. वरची बाजू चकाकत होती. मी खात्यातून निळं आणि एक चांगली पट्टी मागवली आणि फिरवली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखे, बारीक, दाट ठिपके उठले. कुठंही उंचवटा नव्हता. असला सपाट पृष्ठभाग आमच्या खात्यात कुणाला साधला नव्हता. हे काम त्यांनी कुणालाही न दाखवता केलं होतं.

लॉरीवरच्या माणसानं ठोकळ्याकडे बोट दाखवून विचारलं, "सार, इदु बेका? ठेवायचा काय?"

ठेवा म्हणालो असतो, तर कुणाचा, कशासाठी, हे सांगावं लागलं असतं. माझ्या बोटांना निळं लागलं होतं. ते मी रुमालाला पुसलं.

"बेड," मी म्हणालो. नको. आणि सही केली.