बाटलीतलं शिळं पाणी

म्हशीनं माझ्या बायकोला शिंग मारलं असं गावात अजून सांगतात. ते खोटं आहे. म्हैस गरीब होती. गोठ्यात साप निघाला म्हणून बिचकून बाजूला सरकली, आणि तिच्या अंगानं माझी बायको मेढीच्या खांबाला चेंगरली. एवढंच झालं.

उठून तिनं शेणाची पाटी भरली. मग चुलीपाशी येऊन बसली आणि म्हणाली, "अवो, श्वास पुरंना." ओठ निळे पडले होते.

आमचं गाव बेडशाच्या अलीकडं. बैलगाडीनं कामशेत गाठलं, तिथून आगगाडीनं लोणावळा. सगळ्या वाटेत ती एकदाच बोलली. "म्हशीची धार राहिली."

दवाखान्यात डॉक्टरांनी छातीवर बोटं ठोकून पाहिलं. बरगडी मोडून फुफ्फुसात घुसली, त्यातली हवा छातीत कोंडली आणि फुफ्फुस मिटलं, असं त्यांनी सांगितलं. जाड सुई घातली तशी हवा फुस्स करून बाहेर आली आणि तिच्या तोंडावर रंग आला. मग बरगड्यांमधून रबराची नळी घातली. नळीचं दुसरं टोक खाटेखाली पाण्याच्या काचेच्या बाटलीत बुडवलं. तिनं श्वास सोडला की पाण्यात बुडबुडे येत.

डॉक्टर मला म्हणाले, "ही बाटली खाटेच्या वर उचलायची नाही. खालीच राहू दे."

मी मान हलवली. पाणी कशाला ते काही मी विचारलं नाही. अडाण्यानं किती विचारावं, असं वाटलं. दिवसभर बाटलीपाशी उकिडवा बसून राहिलो. पलीकडच्या खाटेवर तळेगावकडची एक म्हातारी मावशी होती. ती म्हणाली, "भाऊ, बाटली उबवताय का काय?"

बायको बरगडी धरून हसली. हसताना भराभर बुडबुडे आले. ती आता वाचली, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीकडं पाहिलं तर पाणी लालसर, वर फेस. आमच्या घरात रात्रीचं पाणी सकाळी भांड्यात राहू देत नाहीत. उठल्या उठल्या हंडा-कळशी रिकामी करायची, राखेनं घासायची, ताजं पाणी भरायचं, मगच चूल पेटवायची. लग्न होऊन आल्यापासून हे तिनं एक दिवस चुकवलं नव्हतं. आता ती पडून होती, आणि तिच्या खाटेखाली शिळं, घाण पाणी. नर्सबाई दुसऱ्या खोलीत होत्या. हे काम आपलंच, असं मला वाटलं.

बाटली वर उचलायची नाही हे लक्षात होतं. मी वर उचलली नाहीच. बूच काढून नळी बाहेर घेतली, धूळ लागू नये म्हणून तिच्या घोंगडीवर नीट ठेवली, आणि बाटली गुडघ्याखाली धरून अंगणातल्या नळावर गेलो. तिथं भांडी घासायची राख होती. बाटली घासली, दोनदा खळबळली, भरून आणली.

आलो तर ती उठून बसली होती. तोंड उघडं होतं, पण आवाज फुटत नव्हता. डोळे माझ्याकडं. मी नळी पाण्यात कोंबली. मावशीनं नर्सबाईंना हाका मारल्या. डॉक्टर धावत आले, पुन्हा सुई घातली.

तिला बोलता यायला लागल्यावर त्यांनी विचारलं, "नळी निघाली कशी?"

मी तोंड उघडलं. माझ्याआधी तीच बोलली.

"माजा हात अडकला झोपंत."

"बाई, नळी पाण्याबाहेर आली की हवा उलटी छातीत शिरते. जीव गेला असता तुझा. नळी कुठं पडली होती का? कशाला लागली?"

"न्हाई. यांनी लगीच पाण्यात घातली."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. माझे हात ओले होते, ते मी धोतराला पुसले. मावशी भिंतीकडं तोंड करून पडली. डॉक्टर बायकोला आणखी रागावले, कापड घेऊन तिचा हात खाटेला सैल बांधायला नर्सबाईंना सांगितलं, आणि गेले. बांधलेल्या हाताकडं बघत मी बसून राहिलो.

चौथ्या दिवशी ताप भरला. बाटलीत पू यायला लागला, त्याचा वास खोलीभर. डॉक्टर म्हणाले, "नळी घातल्यावर होतं असं कधीकधी. कशानं झालं, सांगता येत नाही." ते वाक्य मी धरून ठेवलं. पू वाहून जावा म्हणून त्यांनी बरगडीचा तुकडा कापला. तिचं अंग झिजत गेलं.

एका दुपारी मी तिला म्हणालो, "मी डॉक्टरांना खरं सांगतो."

"आता सांगून काय हुईल? तुमाला हितनं हाकलतील. मग मी कुनाकडं बगू?"

 खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. माझी लाज राखायला ती खोटं बोलली होती, आणि ते खोटं मीही ठेवून घेतलं. नळी घोंगडीला लागली होती, पाणी नळावरचं होतं, हे कळलं असतं तर डॉक्टरांनी त्याच दिवशी नळी बदलली असती का, हे मला माहीत नाही. विचारलंच नाही तर कसं कळणार.

भात पोटरीला आलं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या, तेव्हा ती गेली. डॉक्टर खोलीबाहेर येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "त्या दिवशी तिचा हात अडकला नसता तर कदाचित वाचली असती." चांगला माणूस. मी मान हलवली.

गावात आल्यावर लोक म्हशीला शिव्या द्यायला लागले. इक ती, म्हणाले. मी विकली नाही. म्हैस मरेपर्यंत तिची धार मीच काढली.

त्या डॉक्टरांना सांगायचं राहिलं, म्हणून इथं लिहितो. हात तिचा नव्हता, माझा होता.