चौकीत न सांगितलेली गोष्ट

आमच्या चर्चच्या मंडळीत मला सगळे सर म्हणतात. शाळेत बरीच वर्षं शिकवलं, मंडळीत वडील, म्हणजे कारभार पाहणारा ज्येष्ठ, म्हणून काम केलं. प्रार्थना कुणी करायची, वचन कुणी वाचायचं हे ठरवायची मला सवय झाली होती. पण गेल्या मे महिन्यातल्या एका शनिवारी मी जे केलं, ते आजवर पूर्णपणे फक्त माझ्या बायकोला माहीत आहे.

आम्ही नागपुरात बेसाला राहतो. बाबा ब्याऐंशी वर्षांचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी कळमन्याच्या बाजारात हमाली केली आणि त्यावर मला शिकवलं. लोकांना मी "बाजारात कामाला होते" एवढंच सांगायचो. अलीकडे त्यांना विसर पडू लागला होता. दिवस, वेळ, कधीकधी स्वतःचं घरसुद्धा. त्यांची आंघोळ, कपडे, सगळं माझी बायको रेखा करायची. ती नर्स आहे, तिला सवय आहे, अशी मी माझी समजूत घातली होती.

त्या दिवशी मंडळीच्या उन्हाळी शिबिरात दहा वाजता मला बोलायचं होतं. विषय मीच निवडला होता: प्रभूचा सेवक. रेखा रात्रपाळीवरून नऊ वाजता येणार होती. साडेसातला बाबा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. पायजमा घाणीने भरला होता. ते खाली बघत राहिले. मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो. त्यांना न्हाणीघरात स्टुलावर बसवलं, "रेखा येईल, ती बघेल," म्हणालो आणि दार ओढून घेतलं. मग परत येऊन टिपण लिहू लागलो. आतून त्यांनी एकदा मला हाक मारली. मी ओ दिली नाही.

सव्वाआठला उठून पाहिलं तर स्टूल रिकामं आणि मागचं दार उघडं. चपला तिथेच होत्या.

स्कूटर काढून मी सगळी वस्ती पालथी घातली. दुकानदार, दूधवाला, ऑटोवाले, सगळ्यांना विचारलं. ऊन वर चढत होतं. दर वळणावर वाटायचं, आता ते दिसतील, आणि मग भीती वाटायची की कसे दिसतील. चौकीत हवालदाराने कपडे विचारले. मी म्हणालो, "पांढरा सदरा, राखाडी पायजमा." त्याने विचारलं, "आणखी काही खूण?" कपडे घाण झालेत, एवढंच सांगायचं होतं. ते तोंडापर्यंत आलं. मी म्हणालो, "नाही. चांगल्या घरचे आहेत, नीटनेटके." ऑटोवाल्यांनाही मी हेच सांगितलं होतं.

रेखा यायच्या आत मी घरी जाऊन स्टूल धुतलं. बाबांना हात लावायला तयार नव्हतो, स्टुलाला लावला. ती आली, बाबा निघून गेल्याचं ऐकून पर्स खांद्यावरच ठेवून तिने विचारलं, "सकाळी कसे होते?" मी म्हणालो, "ठीक होते." ती एका बाजूला शोधायला गेली, मी दुसऱ्या.

बारा वाजले. रस्त्यावरचं डांबर चिकट झालं होतं. बाबांच्या पायात काही नव्हतं, हे मला दर मिनिटाला आठवत होतं. मानेवाडा चौकात डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा एका रसवंतीच्या सावलीत मी खाली बसलो. प्रार्थना करायचा प्रयत्न केला. इतरांसाठी तासभर प्रार्थना करणाऱ्या मला चार शब्द सुचेनात. दिसत होतं ते फक्त न्हाणीघराचं बंद दार. सकाळी ज्याला विचारलं होतं तोच एक वयस्कर ऑटोवाला पाण्याची बाटली घेऊन जवळ आला. का कोण जाणे, मी त्याला म्हणालो, "दादा, सकाळी मी खरं सांगितलं नाही. त्यांचे कपडे घाण झाले होते. मीच त्यांना तसं बसवून ठेवलं होतं."

तो म्हणाला, "असं सांगा न भाऊ. ते बाबा तं पायले मी. तुम्ही म्हणलं चांगल्या घरचे, नीटनेटके, मले वाटलं हे कोणी दुसरेच. वास येऊन राहिला होता म्हणून त्याईले कोणी बसवून घेत नव्हतं. मंग एका टेम्पोवाल्यानं मागच्या डाल्यात बसवलं. कळमन्याले चालला होता तो." मग त्याने विचारलं, "काहून नाही सांगतलं जी सकाळी?"

मी स्कूटर सुरू केली.

कळमन्यापर्यंतचा रस्ता मी कसा कापला आठवत नाही. रेखाला फोन करून कळमन्याला जातोय एवढं सांगितलं. फळबाजारातल्या शेडखाली, आंब्यांच्या रिकाम्या पेट्यांपलीकडे, बाबा पोत्यांवर बसले होते. अंगावर कुणाची तरी लुंगी, केस ओले. त्यांचा धुतलेला पायजमा एका हातगाडीवर वाळत होता. साठीचा एक हमाल खाली बसून, त्यांचा भाजलेला तळवा मांडीवर घेऊन त्यावर ओलं फडकं ठेवत होता. नाव देवाजी, असं नंतर कळलं.

"तुमचे बाबा काय जी?" तो बसूनच म्हणाला. "आंघोळ घालू देत नव्हते. लय लाजत होते. मंग म्या माह्या डोक्यावर बालटी वतली, म्हणलं आता दोघंबी ओले झालो बाबा, काहाची लाज? मंग हासले."

बाबांनी वर पाहिलं आणि मला ओळखलं. देवाजीला म्हणाले, "हा माहा पोरगा. मोठा मास्तर हाय. लय चांगला हाय." सकाळचं त्यांना काही आठवत नव्हतं, की आठवत असूनही ते असं म्हणाले, मला आजही सांगता येणार नाही. मी गुडघे टेकून बसलो, फडकं मागून घेतलं. देवाजी म्हणाला, "घासू नका. नुसतं ठेवा." तसं केलं. त्यांच्या तळव्याला मी आयुष्यात पहिल्यांदा हात लावत होतो.

घरी आल्यावर रेखाला सगळं सांगितलं. स्टुलाचंही. तिने उठून मलम आणलं आणि माझ्या हातात दिलं.

आता सकाळचं काम माझ्याकडे आहे. ते मला छान जमतं असं नाही. कधी तोंड फिरवतो, कधी चिडतो, मग बाबांची माफी मागतो. सेवकाबद्दलचं माझं भाषण राहिलं ते राहिलंच. पाळकसाहेबांनी दोनदा विचारलं, मी थांबा म्हणालो. त्या दिवशी प्रभूने मला वाट दाखवली, असं मी मानतो. पण मी स्वतःबद्दलची लाजिरवाणी गोष्ट बोलेपर्यंत ती वाट तिथेच अडलेली होती, हेही मानतो.

महिनाभराने देवाजीचे आभार मानायला गेलो. तो ट्रकमधून टरबूज उतरवत होता. मी कोण ते त्याच्या लवकर लक्षातच येईना. मग म्हणाला, "हाव, ते बाबा. बरे हायेत न?" मी हो म्हणालो. "बरं झालं," म्हणून त्याने पुढचं टरबूज झेललं. मग मी शर्टाच्या बाह्या वर सरकवल्या आणि त्याच्या शेजारी जाऊन हात पुढे केले.