उलटा ढाळ

बेबीनंदाने तांब्याभर पाणी ओतलं, आणि ते कोपऱ्यातल्या जाळीकडे जायचं सोडून दाराकडे निघालं. तिला ते आधीच माहीत होतं. तरी एकदा खात्री करून घेतली.

मस्तगडातल्या रमाबाईंच्या न्हाणीघराचा हा कोबा. फरशी बसवायची तर तिच्याखाली सिमेंट-वाळूचा थर हवा, आणि त्या थराला जाळीकडे फुटाला पाव इंच तरी ढाळ हवा. हा थर कल्याण मिस्त्रीने टाकला होता, म्हणजे बेबीनंदाच्या नवऱ्याने. त्या दिवशी त्याला गरगरत होतं. माल कालवून देताना तिला दिसलं, दोरी भलत्याच बाजूला उतरतेय. ती बोलली नाही. बाईने बावीस वर्षं बदनापूरहून येऊन डोक्यावर घमेली वाहिली तरी ती बिगारीच, आणि काल थापी हातात घेतलेला गडी मात्र लगेच मिस्त्री! मिस्त्रीला ढाळ शिकवणारी ती कोण? पाचव्या दिवशी त्याला दवाखान्यात नेलं, आणि नवव्या दिवशी तो काविळीने तिथेच वारला.

तेरावं झालं तरी तिला रडू आलं नाही. गल्लीतल्या बायका तोंडावर म्हणाल्या, धक्का बसलाय. माघारी म्हणाल्या, हिला माया नव्हतीच. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? तिने दोन्ही ऐकलं आणि तिला कशाचंच काही वाटलं नाही. मांडी घालून बसल्यावर पाय बधिर होतो, तशी ती सगळीच बधिर झाली होती.

कोब्याच्या कडेला त्याच्या पंजाचा ठसा होता. तोल सावरायला ओल्या मालावर टेकलेला. चार दिवसांनी फरशीवाला येणार होता. फरशी बसली की चूक झाकली जाणार होती, आणि तो पंजाही तिच्याखाली कायमचा राहणार होता.

"काकू, ह्ये फोडावं लागतंय," ती म्हणाली.

बहात्तर वर्षांच्या रमाबाई काठी टेकत दारात आल्या. खुब्याचं ऑपरेशन होऊन त्यांना जेमतेम वर्ष झालं होतं. "राहू दे गं. त्याच्या हातचं शेवटचं काम ते. मी ओढून घेईन पाणी."

"पाणी दारातच साचंल काकू, अन् तुमचा पाय बी तिथंच पडंल."

तिने मधला भाग आधी फोडला. मग त्या पंजावर आपला हात ठेवून पाहिला. काही वाटलं नाही. तिने छिन्नी लावली.

मग भिंतींवर पाणसळीने पातळी बघून खुणा केल्या, जाळीपर्यंत दोऱ्या ताणल्या. माल असा कालवला की मुठीत गोळा व्हावा, पण पाणी सुटू नये. चारी बाजूंनी लाकडी रंध्याने माल सारखा करत ती जाळीपाशी आली. दोन दिवसांनी पुन्हा तांब्या ओतला. पाणी कुठेही न रेंगाळता सरळ जाळीत गेलं.

रमाबाई खूश झाल्या. "फरशीवाल्याला सांगते, हे कल्याण मिस्त्रीचं काम आहे म्हणून. तेवढंच त्याचं नाव राहील."

"न्हाई काकू," बेबीनंदा म्हणाली. "त्यांचा ढाळ उलटा झाल्ता. मला तवाच दिसल्तं. त्यांचे डोळे पिवळे झालेले बी त्याच दिवशी दिसल्ते. म्हणलं, मिस्त्रीला आपण काय सांगावं. चार दिस गप बसले मी."