उशिराचं दही

ताज्या कापलेल्या लाकडाचा वास आला की मला हॅम्बर्गच्या संग्रहालयातली ती खोकी आठवतात. युद्धापासून वाचवायला युक्रेनहून पाठवलेली देवांची जुनी चित्रं त्यांतून आली होती. चित्रांसोबत आलेली बाई जर्मनमध्ये म्हणाली, "ही पुन्हा घर बघतील की नाही, कोण जाणे." मी ते माझ्यासोबत आलेल्या सासूबाईंना मराठीत सांगितलं. "निघताना देवांच्या हातावर दही घातलं होतं का, विचार तिला. त्याशिवाय परत कसे जातील?" नव्हतं घातलं. दुसऱ्या दिवशी सासूबाई दह्याचा डबा घेऊन तिथे हजर! "अहो आई, चित्रांना हात लावलात तर अलार्म वाजेल." "मग तिच्या हातावर घालते. देवांना घरी नेणार तीच ना?" बाईने दही चाटलं आणि सासूबाईंचा हात बराच वेळ सोडला नाही. चित्रं अजून इथेच आहेत. पण मागच्या महिन्यात ती बाई युक्रेनला जाऊन चित्रांच्या रिकाम्या भिंतींना रंग देऊन आली, आणि परतीची असली तयारी मला पटते.