नत्थुजींचा झाडलेला बगीचा

वरूडकडच्या नत्थुजींच्या संत्र्याच्या बगीच्यात पानालाही गळायचं असलं तर आधी अर्ज करावा लागतो, असं गावात म्हणतात. म्हणणारे काही वाईट नाहीत. त्यांचे स्वतःचे बगीचे असे असतात, की दुसऱ्याला हसल्याशिवाय त्यांना चहा जात नाही. नत्थुजी चहा घेत तेही बगीचा झाडून झाल्यावरच. सुभद्राकाकू म्हणत, लग्नात यायनं मलेसुद्धा इतकं निरखून पाह्यलं नव्हतं.

खोड जुनीच. तिच्यावर सरकारी शिक्का बसला तीन वर्षांपूर्वी. कृषी सहायक योगेशनं मारुतीच्या देवळात सभा घेऊन सांगितलं की गळलेलं फळ झाडाखाली राहू देऊ नका, खड्ड्यात पुरा, नाहीतर रोग पुढच्या बहाराला परत येतो. सगळ्यांनी माना डोलावल्या, चिवडा खाल्ला आणि घर गाठलं. ऐकलं एकट्या नत्थुजींनी. योगेशनं त्यांना खड्ड्याजवळ उभं करून फोटो काढला, तो तालुक्याच्या कार्यालयात लावला. तेव्हापासून नत्थुजी काहीबाही काम काढून वरूडला जात आणि स्वतःला बघून येत.

यंदा भाद्रपदात पाऊस बसला तो उठेचना. संत्री पटापट गळू लागली. नवरा-बायको रोज सकाळी टोपली भरून शेताच्या कडेला, धुऱ्यावरच्या खड्ड्यात ओतत, वरून माती लोटत. शेजारचा देवानंद कुंपणापलीकडून दात घासत बघे. "काका, रोज कोनाची माती करून राह्यले?" असं विचारी. त्याच्या स्वतःच्या बगीच्यात जिथं पाय टाकावा तिथं संत्रं फुटत होतं.

मग मदतीसाठी नुकसानीचे पंचनामे सुरू झाले. पथकात योगेश आहे हे कळल्यावर नत्थुजींनी इस्त्रीचा सदरा घातला. देवानंदकडे पथकानं नाकाला रुमाल लावून झाडाखालचे फोटो घेतले. नत्थुजींच्या बगीच्यात शिरल्यावर रुमाल खिशात गेले. तेहतीस टक्क्यांच्या वर नुकसान दिसायला हवं होतं, आणि जमिनीवर दिसत होते नुसते खराट्याचे फराटे.

नत्थुजींनी त्यांना धुऱ्यावर नेलं, फावड्यानं खड्डा उकरला. आंबूस वास वर आला.

"तुमीच सांगतलं होतं ना पुराले," ते म्हणाले.

योगेशनं मोबाईल खाली घेतला. "खड्ड्यातलं फळ कोनाच्या झाडाचं, हे मी कसं लिहू काका?"

पंच म्हणून देवानंदच उभा होता. रोज सकाळचा प्रेक्षक. नत्थुजींनी त्याच्याकडे पाहिलं. पण त्याच्या स्वतःच्या कागदावरची शाई अजून वाळायची होती, साहेबांच्या शब्दाला आडवं जायची ही वेळ नव्हती. देवानंदनं चपलेचा चिखल गवताला पुसला आणि 'नुकसान आढळले नाही' याच्याखाली सही केली. निघताना योगेश एवढंच म्हणाला, बघतो काका. तेवढ्यावर नत्थुजींनी दिवाळीपर्यंतचे दिवस काढले.

मदत मिळणाऱ्यांची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली. देवानंद सातवा. नत्थुजींनी ती वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. कोणीतरी आपला चष्मा पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

त्याच आठवड्यात योगेशचा फोन आला. सोमवारी जिल्ह्याचे साहेब येणार, त्यांना काकांचा स्वच्छ बगीचा दाखवायचा होता. नत्थुजी म्हणाले, या.

सोमवारी उजाडताना त्यांनी नेहमीसारखी रात्रभरात गळलेली फळं वेचली, टोपली उचलली, धुऱ्यापर्यंत गेले आणि परत फिरले. झाडाखाली उकिडवे बसून एकेक संत्रं खाली ठेवू लागले.

"काय करून राह्यले तुमी?" काकूंनी विचारलं.

"पुरावा मांडून राह्यलो."

काकूंनी दुसरी टोपली आणली. नत्थुजी पुढच्या झाडाकडे सरकले. पण हाताची सवय कुठं जाते? प्रत्येक झाडाखाली पाच-पाच संत्री, एका सरळ रांगेत.