डब्यातलं उत्तर

तिने लग्नाला फक्त हो की नाही एवढंच कळवायचं होतं. ती जंगलातल्या एका उपकेंद्रात नर्स, मी धानोऱ्याला. तिच्या गावात मोबाईलला रेंज नाही, गाडीने जाऊन यायला अर्धा दिवस. आणि दुपारी एकच्या बसने माझे बाबा चंद्रपूरहून राजुऱ्याला दुसरी मुलगी पक्की करायला निघणार होते.

पण मी कशाला घाबरतो! वाटेतल्या गावांत वायरलेसचे डबे मीच बसवले होते. एक डबा दुसऱ्याला निरोप देतो, एखादा बंद पडला तर निरोप दुसऱ्या डब्यावरून वाट काढतो, अशी फुशारकी मी गावोगाव मारली होती. तिला बजावलं होतं, "माझ्याकडून ‘पोचलं’ येईपर्यंत पाठवत राहायचं."

दहा वाजले तरी काही नाही. तिसरा डबा मेला होता. गाडी काढली आणि तो ज्या घरावर बसवला होता तिथे धडकलो. छपरावर डब्याला वीज देणारी सोलरची पाटी, आणि तिच्यावर मोहफुलं वाळत घातलेली!

"बाई, हे काय केलं?"

"तुमची पाटी लय तापते, भाऊ. फुलं लवकर वाळून राह्यले. काऊन, बिघडलं का?"

माझं लग्न बिघडलं, हे तिला कुठल्या तोंडाने सांगू? चिडायचं होतं, पण हसूच आलं. फुलं सुपात भरली, पाटी पुसली आणि डबा जागा व्हायची वाट पाहत बसलो.

एवढ्यात मोहफुलं वेचायला गेलेल्या बाया जंगलातून परतल्या. अस्वल दिसलं तर गावाला कळवता यावं म्हणून एक सुटा डबा मी त्यांनाही दिला होता. तो एकीच्या टोपलीत होता. मला बघताच सगळ्या फिदीफिदी हसायला लागल्या. तिसरा डबा मेलेला पाहून निरोप टोपलीतल्या डब्यात शिरला होता, आणि तिथून पुढे वाट नाही म्हणून बायांसोबत रानभर हिंडला होता. त्यांच्यातली शिकलेली पोरगी तो वाचून मोकळी झाली होती.

"भाऊ, अकरा खेपा सांगितलं नर्सबाईनं. तुमाले अजून आयकू नाई आलं?"

मी टोपलीत हात घातला. डब्याच्या छोट्याशा पडद्यावर एकाखाली एक ओळी. पहिल्या दहांत नुसतं ‘हो’. माझं ‘पोचलं’ येत नव्हतं, म्हणून ती बिचारी सकाळपासून पाठवतच होती. अकरावी ओळ जरा लांब होती: ‘हो म्हणतेय ना! की आता तुम्हालाच नको आहे?’

घाईघाईत ‘पोचलं’चं बटण दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा लागलं. मग बाबांना बसमध्ये चढण्याआधी फोनवर गाठायला मी धानोऱ्याकडे गाडी सोडली, आणि वाटभर एकटाच मोठमोठ्याने हो, हो म्हणत गेलो.