विमानांचा इन्व्हर्टर

आमचा जुना डबा टीव्ही कुणी फुकटही नेईना. मग कळलं, गोडादरा भागातला एक लूम मेकॅनिक, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारा, जुनी व्हिडिओ गेमची मशीनं जमवून दुरुस्त करतो आणि त्यांना पडद्याची काच बसवायला असे टीव्ही शोधत असतो. रिक्षात घालून नेला, तर त्याने माझ्याआधी टीव्हीला खुर्ची दिली.

खोलीत कपाटाएवढी मशीनं उभी होती. एकाच्या पडद्यावर खेळातली विमानं उडत होती. तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला, फ्रिज थांबला, विमानं मात्र उडतच राहिली.

"इन्व्हर्टर फ्रिजला नाही जोडला?" मी विचारलं.

"ताई, बंद पडलं की याच्यातला सगळ्यात जास्त गुणांचा रेकॉर्ड पुसला जातो." त्याने पेचकस स्वयंपाकघराकडे रोखला. "रेकॉर्ड हिचा आहे. पुसला गेला तं ही म्हणेल, हरवता येईना म्हणून मीच बटण दाबलं."

"आज मोडतोच," म्हणत तो स्टुलावर बसला आणि दांडा धरून त्याने जीभ दातांत दाबली.

आतून बायको म्हणाली, "बसा ताई, चहा टाकलाय. उकळी येईपर्यंत हरतील हे."

उकळीच्या आधीच हरला. आणि माझ्याकडे बघून असा हसला, जणू रेकॉर्ड त्याचाच असावा.